अमेरिकेच्या प्रायमरीज डोकं न फिरवून घेता कशा बघायच्या

आपल्याकडं तिकीट दिल्लीत नाहीतर साहेबांच्या बंगल्यावर ठरतं, त्यामुळं तिकडं राष्ट्राध्यक्षपदाचा पक्षाचा उमेदवारसुद्धा लोक मतदान करून ठरवतात (तेच मतदान म्हणजे प्रायमरी) हे आधी पचतच नाही.

तर पहिलं काम, मतांचे आकडे सोडा आणि डेलिगेट मोजा. डेलिगेट म्हणजे आपल्या राज्यातून पक्षाच्या अधिवेशनाला जाऊन अमक्या उमेदवाराला मत देणारी माणसं. 2024 ला रिपब्लिकनांचे एकूण 2,429 होते, 1,215 झाले की विषय संपला. डेमोक्रॅट्स मतांच्या प्रमाणात वाटतात पण 15 टक्क्यांच्या खाली राहिलात की भोपळा. रिपब्लिकनांचं दर राज्यात वेगळं, कॅलिफोर्नियात त्या वर्षी निम्म्याहून जास्त मतं घेणाऱ्याला सगळेच्या सगळे 169, म्हणून निकालाआधी त्या राज्याचा नियम बघून ठेवायचा.

कॉकस, म्हणजे पक्षाच्या लोकांनी बैठकीला जमून उमेदवार निवडणं, हा अजून भारी प्रकार. आयोवात 2020 पर्यंत डेमोक्रॅट्स थंडीत शाळेच्या जिममध्ये जमायचे, या कोपऱ्यात सँडर्सवाले त्या कोपऱ्यात बायडेनवाले, मग मोजणी, आणि ज्यांचा घोळका लहान पडला त्यांना बाकीचे "या या इकडं या" करत ओढायचे. अगदी सोसायटीची मीटिंगच.

पण आयोवासारखी सुरुवातीची राज्यं बघून लगेच पैज लावू नका हां. 2020 ला बायडेन तिथं चौथे, न्यू हॅम्पशरला पाचवे, सगळ्यांनी त्यांना मोडीत काढलं होतं, मग 29 फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात कृष्णवर्णीय मतदारांच्या जोरावर जिंकले, दोन प्रतिस्पर्धी माघार घेऊन त्यांच्या मागं उभे राहिले आणि 3 मार्चच्या सुपर ट्यूजडेला, म्हणजे बरीच राज्यं एकदम मतदान करतात त्या मंगळवारी, 14 पैकी 10 राज्यं खिशात.

सुपर ट्यूजडेला रात्र जागवायची गरज नाही. पूर्वेकडची पहिली मतदानं आपल्या बुधवारी पहाटे साडेपाचला संपतात, कॅलिफोर्निया साडेनऊला, म्हणजे चहा ते ऑफिसची लोकल.

एवढं करूनही पट उधळू शकतो. 2024 ला बायडेननी डेलिगेट जिंकूनही 21 जुलैला माघार घेतली, डेलिगेट मोकळे झाले आणि ऑगस्टमध्ये ऑनलाइन मतदानात कमला हॅरिस उमेदवार.

अधिवेशनातला रोल कॉल मात्र चुकवू नका, एकेक राज्य आपली मतं जाहीर करताना स्वतःची जाहिरातही उरकून घेतं. 2020 ला ऱ्होड आयलंडची पाळी आली तेव्हा बाजूला एक शेफ चक्क कॅलामारीची प्लेट घेऊन उभा. कॅलामारी म्हणजे आपलं माकूल!