मॉडबस ड्रायव्हर लावताना: वीस मीटर, एक पोर्ट

नवी मुंबईच्या रबाळे-महापे औद्योगिक पट्ट्यातल्या शेडमध्ये हे काम हमखास निघतं. पॅनलमध्ये वीसेक एनर्जी मीटर, सगळे आरएस-४८५ वर (दोन तारांच्या सामायिक लाइनवर) मॉडबस आरटीयू ही प्रश्नोत्तरांची भाषा बोलणारे, आणि त्यांची रीडिंग ओपीसी सर्व्हरमार्फत स्केडावर, म्हणजे देखरेखीच्या स्क्रीनवर आणायची. मीटरशी बोलणारा सर्व्हरचा भाग म्हणजे ड्रायव्हर. सर्व्हर कुठल्याही कंपनीचा असो, मांडणी साधारण तीच: चॅनल म्हणजे पोर्ट, त्याखाली डिव्हाइस म्हणजे मीटर, त्याखाली टॅग म्हणजे त्याचं एकेक रीडिंग.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी वायर बघा. शिल्डेड ट्विस्टेड पेअर एका मीटरवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर अशी ओळीने गेलेली हवी, मध्ये फाटे नकोत. १२० ओहमचा रेझिस्टर फक्त दोन टोकांना. सगळ्यांची पॉवर बंद करून दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला की साधारण ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एका टोकाचा रेझिस्टर नाही. ४० दिसले तर मधल्या कुठल्यातरी मीटरचाही टर्मिनेशन स्विच चालू राहिलाय. ए आणि बी या खुणांवर विसंबू नका, सगळे उत्पादक त्या एकाच अर्थाने वापरत नाहीत. मीटर गप्प असेल तर दोन तारा उलट करून बघा, त्याने काही जळत नाही. खाडीच्या दमट हवेत उघड्या तांब्यावर हिरवा थर चढतो, म्हणून पिन लग क्रिम्प करूनच टर्मिनलमध्ये घाला.

आता चॅनल. बॉड रेट (तारेवरचा वेग), पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) आणि स्टॉप बिट मीटरच्या मेनूत जे असतील तेच इथे. मॉडबसच्या मानकात पॅरिटी इव्हन धरली आहे, पण बाजारातले बरेच मीटर पॅरिटी ‘नन’ ठेवून येतात. स्लेव्ह आयडी, म्हणजे तारेवरचे मीटरचे नंबर, १ ते २४७ मधले, प्रत्येकाचा वेगळा. नवे मीटर बहुधा सगळे आयडी १ घेऊनच येतात, त्यामुळे एकेक जोडत आयडी बदलत जा. टेस्टिंगचं सॉफ्टवेअर पोर्ट धरून बसलं असेल तर सर्व्हरला तो पोर्ट उघडताच येत नाही. ‘ड्रायव्हर चालत नाही’ या तक्रारीमागे कितीदा तरी एवढंच निघतं.

खरी गोम वेळेच्या हिशेबात आहे. ९६०० बॉडला पॅरिटी धरून एक बाइट ११ बिटांचा, म्हणजे सुमारे १.१५ मिलिसेकंद. ४० रजिस्टर (आकडे ठेवायचे मीटरमधले १६ बिटांचे कप्पे) एकदम मागितले तर प्रश्न ८ बाइटचा, उत्तर ८५ बाइटचं: तारेवर साधारण १०७ मिलिसेकंद. मीटरला उत्तर तयार करायला ५० आणि दोन निरोपांमधली सक्तीची शांतता मिळून सुमारे १६५. वीस मीटरना ३.३ सेकंद. मग स्कॅन रेट, म्हणजे दर किती वेळाने वाचायचं ते, १००० मिलिसेकंद ठेवून उपयोग काय? सरळ ५००० ठेवा. हेच ४० रजिस्टर चार-चारच्या दहा तुकड्यांत मागवले तर हाच फेरा सोळा सेकंदांवर जातो, कारण ५० मिलिसेकंदांचा भुर्दंड दर तुकड्याला बसतो. म्हणून ब्लॉक साइज, म्हणजे एका प्रश्नात मागायच्या रजिस्टरांची संख्या, मोठी ठेवा. प्रोटोकॉलची मर्यादा १२५ रजिस्टर आहे, मीटरची त्याहून कमी असू शकते. मध्ये नसलेला पत्ता आला तर काही मीटर एक्सेप्शन ०२ (‘असा पत्ता नाही’) देतात आणि अख्खा ब्लॉक ‘बॅड’ होतो. तिथे ब्लॉक तोडावाच लागतो.

आणि बंद मीटर! टाइमआउट (उत्तराची वाट बघायची वेळ) १००० मिलिसेकंद आणि प्रयत्न ३ असतील तर एक मेलेला मीटर दर फेऱ्याला तीन सेकंद खातो, म्हणजे बाकीच्या एकोणीसांचं रीडिंग दुप्पट उशिरा येतं. टाइमआउट ३०० ते ४००, प्रयत्न २ ठेवा. उत्तर न देणाऱ्या डिव्हाइसला काही वेळ बाजूला ठेवण्याची सोय ड्रायव्हरमध्ये असेल तर ती चालू करा. शुक्रवारच्या सुट्टीत एखादं फीडर (वीजपुरवठ्याची एक लाइन) बंद ठेवत असाल तर ही सोय हवीच.

टॅगचा पत्ता एकने चुकतो, हे ठरलेलंच. मॅन्युअलमधला ४०००१ तारेवर शून्य म्हणून जातो. काही मॅन्युअल थेट शून्यापासूनच मोजतात. ३ने सुरू होणारे पत्ते फंक्शन ०४ने (फंक्शन म्हणजे मॉडबसची आज्ञा), ४ने सुरू होणारे ०३ने वाचायचे. फ्लोट, म्हणजे दशांशाचा आकडा, दोन रजिस्टरांत येतो, आणि आधी कुठला शब्द (१६ बिटांचा अर्धा भाग) हे मीटरागणिक बदलतं. अंदाज करू नका. फेज व्होल्टेजचे दोन्ही रजिस्टर सुटे, १६ बिटांचे पूर्णांक म्हणून वाचा. २३० व्होल्टच्या फ्लोटचा मोठा शब्द १७२५४ येतो. तो पहिल्या रजिस्टरमध्ये दिसला तर मोठा शब्द आधी, दुसऱ्यात दिसला तर ड्रायव्हरमध्ये ‘फर्स्ट वर्ड लो’सारखा पर्याय चालू करा. क्रम चुकला की व्होल्टेजच्या जागी भलताच आकडा दिसतो, कधी अवाढव्य, कधी शून्याला चिकटलेला, आणि स्केडावर दशांश एकच घर दाखवत असाल तर हा दुसरा चक्क ०.० दिसतो.

मध्ये मॉडबस टीसीपी गेटवे (नेटवर्क आणि आरएस-४८५ यांना जोडणारा डबा) असेल तर पोर्ट ५०२, आणि सर्व्हरचा टाइमआउट गेटवेच्या टाइमआउटपेक्षा जास्त ठेवा. उलटं केलं तर गेटवे उत्तर देईपर्यंत सर्व्हर पुढचा प्रश्न टाकून मोकळा होतो, आणि उत्तरांची रांग लागते. एक्सेप्शन ०बी आला तर गेटवेपर्यंतची वाट ठीक आहे, पलीकडचा मीटर उत्तर देत नाही. लॅपटॉप बाजूला ठेवून त्या पॅनलकडे जा.