किडनी प्रत्यारोपणापूर्वी: दडून बसलेल्या विषाणूंसाठी करायची तयारी

प्रत्यारोपणाची तारीख ठरली की घरचे लोक बाहेरून येणाऱ्या संसर्गाची धास्ती घेतात आणि मास्कची खोकी आणून ठेवतात. ते योग्यच आहे. परंतु बीके आणि सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) हे विषाणू बहुधा रुग्णाच्या शरीरात आधीपासूनच दडलेले असतात किंवा दात्याच्या किडनीबरोबर येतात, आणि प्रतिकारशक्ती औषधांनी दाबली गेली की डोके वर काढतात.

म्हणून दाता आणि रुग्ण या दोघांचेही सीएमव्ही आयजीजी (हा विषाणू शरीरात आधी येऊन गेला आहे का, हे सांगणारी रक्ततपासणी) रिपोर्ट फाईलमध्ये सर्वांत वर लावावेत. दाता पॉझिटिव्ह आणि रुग्ण निगेटिव्ह असल्यास धोका सर्वाधिक असतो व व्हॅलगॅनसायक्लोव्हिर हे सीएमव्हीला रोखणारे औषध साधारण सहा महिने घ्यावे लागते. त्याचा खर्च आधीच हिशेबात धरावा, आणि या औषधाने पांढऱ्या पेशी घटू शकत असल्याने सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) चुकवू नये. कांजिण्यांची किंवा गोवराची लस लागणार असेल तर ती शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी घ्यावी, कारण या जिवंत लसी नंतर सहसा देत नाहीत. घरात तान्हे बाळ असल्यास त्याच्या डॉक्टरांना प्रत्यारोपणाची कल्पना द्यावी: तोंडी पोलिओ डोसातला विषाणू बाळाच्या विष्ठेतून बाहेर पडतो, त्यामुळे इंजेक्शनच्या लसीविषयी विचारावे.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती बीकेची. १९७१ साली लंडनमध्ये किडनी प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत तो सापडला आणि त्या रुग्णाच्या नावाची आद्याक्षरेच त्याचे नाव झाली. त्याने सहसा ना ताप येतो, ना काही दुखते, आणि क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेले दिसते तोवर नव्या किडनीला इजा झालेली असू शकते. त्याच्यावर खात्रीचे औषध नाही. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कमी करणे हाच मुख्य उपाय, आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा, कारण गोळ्या गरजेपेक्षा कमी झाल्या तर शरीर किडनी नाकारू शकते. तेव्हा बरे वाटत असले तरी बीके पीसीआर (रक्तातला विषाणू शोधणारी) तपासणी सुरुवातीचे महिने दरमहा आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी करावी, व त्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच लाल पेनाने लिहून ठेवाव्यात.

टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी तपासायच्या दिवशी त्याची सकाळची गोळी छोट्या डबीत घालून बरोबर न्यावी आणि रक्त दिल्यावरच घ्यावी. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, जुलाब थांबेनात, नजर अंधुक झाली किंवा नागिणीसारखे फोड आले, तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहू नये. प्रत्यारोपण समन्वयकांचा रात्रीचा फोन नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आजच साठवून ठेवावा.