कातालोनियाची ऑरगॅनिक वाईन निवडायची कशी

बार्सिलोनाला, म्हणजे स्पेनमधल्या कातालोनियाच्या राजधानीला, गेलात की दुकानात नुसती सुंदर लेबलं बघून बाटली उचलू नका, आधी मागची बाजू बघा. हिरव्या पानाचा युरोपियन लोगो आणि त्याखाली ईएस-ईसीओ-०१९-सीटी असा कोड असला की ती कातालोनियात सर्टिफाय झालेली ऑरगॅनिक. कातालान भाषेत 'एकोलोजिक' लिहिलेलं असतं.

मग द्राक्ष बघा. पांढऱ्यात शारेल्लो, मकाबेउ, परेयादा ही तिथली घरची मंडळी, लाल हवी तर सुमोल किंवा त्रेपात. पहिल्यांदाच पित असाल तर मी तरी बार्सिलोनाजवळच्या पेनेदेस भागातली शारेल्लोच घ्या म्हणेन, थोडी आंबटसर, अंगानं भरीव, तळलेल्या मासळीबरोबर मस्त लागते. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा, फार गार असली की चवच कळत नाही.

बबल्स हवे असतील तर 'कोरपिन्नात' हा तिथल्या काही वाईनरींचा शिक्का शोधा, त्यात सगळी द्राक्षं ऑरगॅनिक आणि हातानं तोडलेली, शिवाय कमीत कमी १८ महिने मुरवलेली असते.

आता रोगप्रतिकारक द्राक्षांचं. डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग काय छळतात ते नाशिकच्या बागायतदाराला सांगायला नको, आणि ऑरगॅनिक म्हणजे फवारणी नाहीच असं अजिबात नाही बरं का, तांबं आणि गंधक चालतं, फक्त तांब्याला हेक्टरी ७ वर्षांत २८ किलोची मर्यादा आहे. म्हणून पेनेदेसच्या आल्बेत इ नोया वाईनरीसारखे लोक शारेल्लो, मकाबेउचा प्रतिकारक जातींशी संकर करतायत, म्हणजे फवारणी कमी लागते. अशा बाटल्या मोजक्याच असतात, लेबलवर 'पीवी' (PIWI, म्हणजे बुरशीला दाद न देणारी द्राक्षं) दिसतं का बघा, नाहीतर सरळ दुकानदाराला विचारा.