घरच्या ट्यूब अ‍ॅम्पमधली घूंऽऽ घालवायची तर ग्राउंड असा ओढा

चॅसिस (अ‍ॅम्पची धातूची पेटी), सॉकेट सगळं बसलंय असं धरतो. पॉवर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर एकमेकांशी काटकोनात ठेवा. हीटरच्या (ट्यूब आतून तापवणाऱ्या) वायरी घट्ट पिळून कोपऱ्याकोपऱ्यातून न्या, हीटरच्या ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगला सेंटर टॅप (मधोमध काढलेली वायर) नसेल तर दोन्ही टोकांकडून १०० ओहमचा एकेक रेझिस्टर ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या परतीच्या लाइनला. झालं.

आता खरं दुखणं. "सगळे ग्राउंड एका बोल्टवर आण" असं जो तो सांगतो, पण कुठली वायर आधी कुठे जाते हे कोणी सांगत नाही आणि सगळा घोळ तिथेच होतो. माझ्या पहिल्या ईएल८४ च्या (ही आउटपुटची पॉवर ट्यूब) अ‍ॅम्पमध्ये मी हाय व्होल्टेज वाइंडिंगचा सेंटर टॅप बोल्टवर नेला, पहिल्या फिल्टर कॅपॅसिटरचं (डायोडनंतर सप्लाय सपाट करणारा) निगेटिव्हही बोल्टवर, आणि ईसीसी८३ चं (प्रीअ‍ॅम्पची, म्हणजे सुरुवातीला सिग्नल वाढवणारी ट्यूब) ग्राउंड जवळ पडतंय म्हणून त्या कॅपॅसिटरच्याच पायावर टेकवलं. व्हॉल्यूम शून्यावर तरी घर्रर्र! एकाने सांगितलं कॅपॅसिटर वाढव, ४७ चा काढून १०० मायक्रोफॅरड टाकला तर आवाज अजूनच खरखरीत. तीन आठवडे गेले.

कारण असं की डायोडमधून पहिल्या कॅपॅसिटरला करंट सलग मिळत नाही, सेकंदाला १०० झटके बसतात, आणि कॅपॅसिटर मोठा केला की झटका आणखी आखूड नि उंच होतो. तो ज्या वायरमधून परत जातो तिच्या दोन टोकांत थोडे मिलिव्होल्ट पडतात, आणि ट्यूबचं ग्राउंड त्या वायरच्या भलत्या टोकाला असलं की ट्यूब तेच सिग्नल समजून वाढवते.

म्हणून हाय व्होल्टेजच्या सेंटर टॅपची वायर थेट पहिल्या कॅपॅसिटरच्या निगेटिव्हवर सोल्डर करा, तिथे दुसरं काहीही लावू नका, अगदी काहीही. तिथून एकच वायर दुसऱ्या कॅपॅसिटरच्या निगेटिव्हला, ईएल८४ च्या कॅथोडचं आणि स्पीकरचं ग्राउंड तिथे. पुढे प्रीअ‍ॅम्पच्या प्रत्येक स्टेजचं ग्राउंड तिच्या स्वतःच्या फिल्टर कॅपॅसिटरवर, आणि साखळीचं शेवटचं टोक इनपुट जॅकवर. चॅसिसला हे ग्राउंड फक्त तिथेच जोडा, स्पीकरचा जॅक प्लास्टिक वॉशर घालून सुटा ठेवा.

मेन्सचं अर्थिंग वेगळं, स्वतःच्या बोल्टवर, वायर आत येते तिथेच. हम (हीच घूं) जातो म्हणून प्लगची अर्थ पिन काढा म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका, ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर चॅसिसवर २३० व्होल्ट येतील आणि तुमचा हात त्याच चॅसिसवर असेल. फिल्टर कॅपॅसिटरवर २२० किलोओहम, २ वॉटचा ब्लीडर (साठलेला चार्ज उतरवणारा रेझिस्टर) लावा, आणि तरीही आत हात घालण्याआधी प्लग काढून, दोन मिनिटं थांबून मीटरने तपासा.

एवढं करूनही आवाज राहिला तर अ‍ॅम्प बंद करून ईसीसी८३ काढा आणि ती न लावताच अ‍ॅम्प परत चालू करून ऐका. आवाज गेला तर गडबड प्रीअ‍ॅम्पमध्ये, राहिला तर पॉवरच्या बाजूला. गुळगुळीत ५० हर्ट्झची घूं असेल तर हीटरच्या वायरी बघा, खरखरीत १०० ची असेल तर सेंटर टॅपची वायर परत तपासा.