आशाताईंसोबत फिरून फोटो काढायचे असतील तर

आशाताई म्हणजे घरोघरी जाऊन आरोग्याचं काम करणाऱ्या आशा स्वयंसेविका. त्यांच्यासोबत पहिला आठवडा फोटोंची आशाच धरू नका. अमेरिकन छायाचित्रकार युजीन स्मिथ १९४८ साली ‘लाइफ’ मासिकासाठी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, क्रेमलिंग गावी तिथले डॉक्टर अर्नेस्ट सेरियानींच्या मागे २३ दिवस फिरला, तेव्हा सुरुवातीला तो कॅमेऱ्यात रोल न भरताच शटर दाबायचा. डॉक्टरांना त्याची सवय व्हावी म्हणून. तुम्हीही कॅमेरा गळ्यात अडकवून नुसतं चाला. ताईंची पिशवी धरा, कुणी चहा दिला तर बसून प्या.

घरात शिरताना उंबऱ्याशी थांबून उजेड कुठून येतोय ते बघा. स्मिथ गरज पडली तर दिवे लावायचा. मी मात्र बाळंतिणीच्या खोलीत फ्लॅश कधीच वापरत नाही. कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवा. फोटोत थोडा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, आला तर येऊ दे.

मग हातांकडे बघा. आमच्या ताई बाळाला झोळीत घालून वजनकाट्याला अडकवतात, तेव्हा त्यांचा डावा हात झोळीखाली असतो, पण झोळीला टेकत नाही. टेकला तर वजन चुकेल, काढला तर ताईंचा जीव थाऱ्यावर राहणार नाही. काटा स्थिर होईपर्यंत हात तिथंच. ते बोटभर अंतर दिसायला हवं, म्हणून मी जमिनीवर बसून फोटो काढते. चेहरा नाही आला तरी चालतो.

काम संपलं म्हणून लगेच कॅमेरा आवरू नका. सेरियानींचा सर्वांत गाजलेला फोटो शस्त्रक्रियेनंतरचा आहे. बाळंतीण आणि बाळ दोघंही वाचली नाहीत, आणि डॉक्टर स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे आहेत. डोक्यावर ऑपरेशनची टोपी तशीच, हातात कॉफीचा कप. हा फोटो बघताना मला अजूनही गलबलून येतं.

पण समोरच्या माणसानं नुसती मान फिरवली तरी कॅमेरा खाली.

फोटोओळींवर वेळ द्या. १९५१ साली स्मिथनं दक्षिण कॅरोलिनातल्या मॉड कॅलन या कृष्णवर्णीय परिचारिका-सुईणीची फोटोकथा केली. ती पाहून वाचकांनी पैसे पाठवले आणि १९५३ मध्ये तिथं दवाखाना उभा राहिला. नेमकं काय कमी आहे ते वाचकाला कळायला हवं, म्हणून ‘गरीब वस्ती’ असं मोघम लिहू नका. दवाखाना किती किलोमीटरवर आहे, ताई तिथवर कशा जातात, कुठलं औषध संपलंय, ते लिहा.

छापायला देण्याआधी सगळ्या ओळी ताईंना वाचून दाखवा. आमच्या ताईंनी मला एक ओळ खोडायला लावली होती. तिच्यात बाळाच्या आईचं नाव होतं.