पहिला डीएसएलआर घेतलाय? मग पहिला महिना असा काढा

माझ्या भाच्याने दिवाळीत सेकंड हँड डीएसएलआर घेतला आणि आठव्या दिवशी फोन. "मावशी, यापेक्षा माझ्या मोबाईलचे फोटो भारी येतात गं, विकून टाकू का?" मी म्हटलं थांब जरा, रविवारी ये घरी, आधी जेव, मग बघू.

तर त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मोबाईल एका क्लिकमध्ये पटापट बरेच फोटो घेतो, ते एकत्र करतो, चेहरे उजळवतो, आकाश निळं करतो आणि आपल्याला वाटतं आपणच काढलाय. डीएसएलआर असलं फारसं काही करत नाही, तुम्ही सांगाल तेवढंच. त्यामुळे त्याला नीट सांगायला शिकायचं एवढंच काम आहे, आणि त्यासाठी ना क्लास लागतो ना लडाखची ट्रिप. मी नौपाड्यात राहते म्हणून उदाहरणं सगळी ठाण्याची.

पहिली पायरी : घरातच, सोफ्यावर बसून

बॅटरी फुल चार्ज करा, तारीख-वेळ लावा, पट्टा अडकवा आणि तो गळ्यात घाला, लाजू नका, पट्टा शोभेसाठी नसतो. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नको (जुने फोटो असतील तर आधी कॉपी करून घ्या). सेकंड हँड असेल तर लेन्स काढून तिच्यातून मोबाईलचा टॉर्च मारून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी.

आता एक गोष्ट जी बहुतेक जण सांगतच नाहीत. डोळा लावतो त्या खिडकीच्या शेजारी एक बारकंसं चाक असतं, ते तुमच्या चष्म्याच्या नंबरासाठी असतं. ते फिरवताना समोरचं दृश्य बघायचं नाही, आतले आकडे आणि ठिपके बघायचे, ते कोरीव दिसले की झालं. भाच्याला आठ दिवस सगळं धुरकट दिसत होतं आणि तो लेन्सला शिव्या घालत होता, चाक दोन घर फिरवलं आणि "अरेच्चा!"

धरायचं कसं, तर डावा तळहात लेन्सच्या खाली, दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटलेली, श्वास अर्धा सोडून बटण हळूच दाबायचं. दाबायचं म्हणजे आधी अर्धंच. फोकसला मधला एकच पॉइंट (खिडकीत दिसणारे ते ठिपके) ठेवा, सगळे पॉइंट चालू ठेवलेत तर कॅमेरा बहुतेक वेळा जे सगळ्यात जवळ असेल तेच पकडतो, म्हणजे बर्थडे बॉय धूसर आणि केकवरची मेणबत्ती एकदम क्लिअर. मधला पॉइंट डोळ्यावर, अर्धं बटण, टीट वाजलं की बोट तसंच ठेवून फ्रेम हवी तशी सरकवायची आणि मग पूर्ण दाबायचं. हे हाताला बसायला दोन दिवस लागतात.

दुसरी पायरी : मिसळणाचा डबा

अॅपर्चर (लेन्सचं भोक किती मोठं), शटर (ते किती वेळ उघडं), आयएसओ (फोटो किती उजळवायचा) यांचा तो त्रिकोण सगळीकडे काढून दाखवतात आणि कोणालाच कळत नाही, म्हणून मी भाच्याला त्रिकोण दाखवलाच नाही. मिसळणाचा डबा उघडून किचनच्या खिडकीत ठेवला, मागे ग्रिल, त्याच्या मागे समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे. कॅमेरा ए मोडवर, म्हणजे अॅपर्चर आपण ठरवायचं आणि शटर कॅमेरा (कॅननवर त्याला एव्ही म्हणतात), कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ ला, आयएसओ ४०० वर फिक्स, ऑटो नाही. आणि फोकस हळदीच्या वाटीवर.

पहिला फोटो एफ ५.६ ला (एफ म्हणजे अॅपर्चरचा आकडा). हळद स्वच्छ, मोहरीपासून पुढे सगळं मऊ होत गेलेलं, मागचे कपडे म्हणजे नुसते रंगाचे डाग. शटर किती आलं बघ म्हटलं, तर १/१२५, म्हणजे सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग. मग चाक फिरवत एफ २२ ला नेलं आणि परत काढला. मागच्या बिल्डिंगमधल्या गाऊनवरची फुलंसुद्धा दिसायला हवी होती, पण फोटो उघडला तर सगळंच हललेलं, हळद पण. कारण शटर आलं होतं १/८. एफ ५.६, ८, ११, १६, २२, प्रत्येक उडीला आत येणारा उजेड निम्मा होतो, मग कॅमेरा बिचारा शटर दुप्पट वेळ उघडं ठेवतो, १२५, ६०, ३०, १५, ८. चार उड्या मारल्या, चार वेळा किंमत मोजली.

"मग आता?" तर आयएसओ वाढव. ४०० चं ८००, १६००, ३२००, ६४००, पुन्हा चारच उड्या, आणि शटर परत १/१२५ वर आलं. फोटो हलला नाही, मागचं पण सगळं दिसलं, फक्त झूम केल्यावर काळ्या मोहरीत रवा सांडल्यासारखे दाणे. झालं, हाच तो त्रिकोण. हा प्रयोग स्वतः करा, वाचून सोडू नका, वीस मिनिटं लागतात आणि पुढचे सहा महिने वाचतात. (आणि हो, आकडा लहान म्हणजे भोक मोठं, हे उलटं आहे, सगळ्यांचाच गोंधळ होतो.)

किट लेन्सवर १८ ला एफ ३.५ मिळतो पण ५५ ला झूम केलंत की ५.६ च्या खाली जात नाही, तुमचा कॅमेरा बिघडलेला नाही, लेन्सच तशी आहे.

तिसरी पायरी : तलावपाळी

आता घराबाहेर पडा. संध्याकाळी पाच-साडेपाचला तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठी जा आणि मोड एस वर लावा (कॅननवर टीव्ही), म्हणजे आता शटर आपण ठरवायचं. पळणारी पोरं १/५०० ला. कबुतरं उडाली तर १/१००० तरी हवं, आणि हलणाऱ्या गोष्टींसाठी फोकसचा मोड बदलायचा, निकॉनवर एएफ-सी, कॅननवर एआय सर्व्हो, नाहीतर पोरगं पुढे पळतं आणि फोकस मागच्या भेळवाल्यावर राहतो. नुसतं हातात धरून किती खाली जाता येतं याचा साधा हिशेब असा की लेन्सचा आकडा गुणिले दीड, म्हणजे ५५ ला साधारण १/१०० च्या खाली जाऊ नका. लेन्समध्ये स्टॅबिलायझर असेल तर थोडी सूट मिळते, पण तो तुमचा हात सांभाळतो, समोरचं पळणारं पोरगं नाही.

आणि मग मजा. रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभे राहा, शटर १/३० वर आणा, एक रिक्षा धरा आणि कमरेतून वळत तिच्याबरोबर कॅमेरा फिरवत क्लिक करा, क्लिक झाल्यावरही फिरवत राहा. रिक्षा स्पष्ट आणि मागची दुकानं रेघारेघांची. दहातले नऊ वाया जातील. मी पहिल्या दिवशी चाळीस काढले होते, दोन ठेवले, त्यातला एक अजून वॉलपेपर आहे.

माणसांचे फोटो काढताना विचारा, इथे दूर लपून झूम करणं बरं दिसत नाही. "काका, एक फोटो काढू का?" एवढं बास असतं, आणि काढल्यावर स्क्रीनवर दाखवा. चेंदणी कोळीवाड्याजवळ एका मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आधी पापलेट घे, मगं काय ते फोटो काढ." घेतलं. फोटो पण छान आला, पापलेट पण.

चौथी पायरी : अधिक-वजा चं बटण

फोटो उजळ किंवा गडद करायचं हे बटण नवशिक्यांना दिसतच नाही आणि माझ्या मते सगळ्या कॅमेऱ्यात सगळ्यात कामाचं हेच. उजेड मोजताना कॅमेऱ्याला समोर पांढरं आहे की काळं ते नीट कळत नाही, त्याला वाटतं जगातली प्रत्येक गोष्ट मध्यम राखाडी आहे. म्हणून पाडव्याच्या शोभायात्रेत पांढऱ्या कुर्त्यातलं ढोल पथक फ्रेमभर घेतलंत की कुर्ते मळके येतात आणि संक्रांतीची काळी साडी घेतली की ती धुवून विटल्यासारखी राखाडी येते. म्हणजे पांढरं जास्त असेल तर अधिक ०.७ किंवा १, काळं जास्त असेल तर वजा तेवढंच. ऐकायला उलटं वाटतं ना, पांढऱ्याला अजून उजेड? पण करून बघा. काम झाल्यावर परत शून्यावर आणा, मी शंभरदा विसरलेय.

उजेडाचं थोडक्यात सांगते. उपवनला जायचं तर सकाळी जा, येऊरचे डोंगर तलावाच्या पश्चिमेला आहेत, सकाळचं ऊन सरळ त्यांच्यावर पडतं, संध्याकाळी सूर्य डोंगराआड लवकर जातो. दुपारी बारा ते तीन झोपा काढा. आणि पावसाळी ढगाळ दिवस चेहऱ्यांसाठी उत्तम, वाया घालवू नका. फोटो रॉ (नंतर कॉम्प्युटरवर घडवायची कच्ची फाइल) की जेपीजी (तयार फोटो) हा वाद पहिल्या महिन्यात नको, जेपीजी ठेवा.

फ्लेमिंगोंचं काय?

नवा कॅमेरा घेतलेल्या प्रत्येकाला फ्लेमिंगो हवे असतात, भाच्याला पण हवे होते. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) गेलं, ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट सुटते, भरती-ओहोटीच्या वेळा बघून. थंडीपासून मे महिन्यापर्यंत जरूर जा. पण ५५ च्या लेन्सने फ्लेमिंगो म्हणजे चिखलावर सांडलेले गुलाबी तांदूळ, त्याला निदान ३०० ची लेन्स लागते आणि हलत्या बोटीतून १/१००० च्या वरचं शटर. तोपर्यंत आख्खी खाडी, थवा आणि मागचा ऐरोलीचा पूल असा मोठा फोटो काढा, तो किट लेन्सवर मस्त येतो.

पैसे घालायचेच असतील तर पहिली लेन्स ५० ची एफ १.८, दुसरा विचार करू नका. फक्त निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे स्वस्त म्हणून ५० ची 'डी' वाली लेन्स घेतलीत तर आयुष्यभर हाताने फोकस करत बसाल, 'जी' वाली घ्या. दुकानदार विचारल्याशिवाय सांगेलच असं नाही.

पावसाळा, म्हणजे बुरशी

आपल्याकडे जून ते सप्टेंबर पापड सादळतात तशाच लेन्सेस सादळतात. माझी जुनी झूम लेन्स मी छान लेदरच्या पाउचमध्ये, कपाटात साड्यांच्या मागे ठेवली होती, दसऱ्याला काढली तर आत पांढरी जाळी. बंद, अंधारं, दमट, बुरशीला अजून काय पाहिजे. आता घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता दाखवणारा मीटर, काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये हवा. जेलचा रंग बदलला की गरम करून वाळवा, परत वापरता येतं. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, पिठूळ सगळीकडे जातं. आणि पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून फोटो काढा, तोच सगळ्यात चांगला उपाय.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, वीस-पंचवीस मिनिटं बॅगेतच राहू द्या. पुसायची वेळ आली तर आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मायक्रोफायबर. ओढणीने नाही, साडीच्या पदराने तर अजिबात नाही.

शेवटचं, कार्ड. एका पाडव्याला पहाटे पाचला उठून, नऊवारी नेसून, शोभायात्रेत तीन तास फोटो काढले. लेझीम, ढोल, घोड्यावरची पोरगी, सगळं. डोळा लावतो त्या खिडकीत कोपऱ्यात काहीतरी लुकलुकत होतं, त्या गर्दीत कोण बघतंय. घरी आल्यावर कळलं की कार्ड रात्रीपासून लॅपटॉपमध्येच आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत कार्ड नसतानाही शटर उडतं, मेन्यूत त्याचा एक पर्याय असतो, तो बंद करा, हे वाचून झालं की लगेच. त्या पाडव्याचा माझ्याकडे एकच फोटो आहे, बहिणीने मोबाईलवर काढलेला, त्यात मी वाकून, एक डोळा मिटून, अगदी मन लावून क्लिक करतेय.