ईस्टरची तयारी : जुन्या मंडळीने लेंटचे चाळीस दिवस कसे वापरावेत

नगर जिल्ह्यात फाल्गुन जवळ आला की कडुलिंबाची पिवळी पाने चर्चच्या आवारात रोज पोतेभर पडू लागतात, शेतात रब्बीची ज्वारी काढणीला येते, आणि त्याच दिवसांत लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासाचा, काळ चालू असतो. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) ठाणे केले, १८४२ मध्ये तेथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले, आणि पुढच्या काही दशकांत वडाळा, राहुरी अशा गावोगावी मंडळ्या, म्हणजे ख्रिस्ती सभासदांचे समुदाय, उभ्या राहिल्या. त्यांची कित्येक दगडी चर्चे शंभरी ओलांडून गेली आहेत. नाताळच्या उपासनेला तेथे उभे राहायला जागा नसते आणि जुलैतल्या एखाद्या साध्या रविवारी मागचे बाक रिकामे असतात. अशा मंडळीत वसंतात पुन्हा जीव यावा म्हणून काय करता येते, हे आमच्या मंडळीत चुकत-सुधारत जे शिकलो त्याच्या आधारे लिहीत आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एकच नियम आहे. लेंटमधले प्रत्येक काम दोघांना मिळून द्यावे. त्यांतला एक नियमित येणारा असावा आणि दुसरा येणे थांबवलेला. भिंतीला चुना लावणे असो, कबर धुणे असो की पेटी वाजवणे असो, काम हे त्या दुसऱ्या माणसाला हाक मारण्याचे निमित्त आहे, असे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीने आधीच ठरवून घ्यावे. हे ठरले नाही तर काम कंत्राटदाराकडे जाते, चर्च सुंदर दिसते आणि बाक रिकामेच राहतात.

तारखा आधी पाहाव्यात. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. आपल्या पंचांगाच्या भाषेत सांगायचे तर तो कधी होळीच्या पौर्णिमेनंतर येतो, कधी चैत्री पौर्णिमेनंतर. २०२७ मध्ये भस्म बुधवार, म्हणजे लेंटचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे; म्हणजे सगळा लेंट ज्वारीच्या काढणीत आणि दहावी-बारावीच्या परीक्षांत सापडणार. अशा वर्षी परीक्षेच्या मुलांना कोणतेही काम देऊ नये, शेतकरी कुटुंबांना संध्याकाळची कामे द्यावीत, आणि कमिटीची पहिली बैठक संक्रांतीच्या आठवड्यातच घ्यावी.

या बैठकीत एखादे ज्येष्ठ सभासद हमखास विचारतात की, लेंट आपल्या मंडळीत पूर्वी कुठे होता. प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडहून आलेल्या काँग्रिगेशनल पंथाच्या मिशनऱ्यांच्या परंपरेत लेंट पाळण्याची रीत नव्हती. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चची) व इतर परंपरा एकत्र आल्या, आणि उपासनेचे वर्षही, म्हणजे सण-उपवासांचा वर्षक्रमही, हळूहळू सामाईक झाले. ज्येष्ठांना हा इतिहास आदराने सांगावा, उपवासाची सक्ती कोणावर करू नये, आणि या चाळीस दिवसांकडे पूर्वतयारी म्हणून पाहण्याची विनंती करावी.

रजिस्टर उघडणे

पहिले पंधरा दिवस रजिस्टरला द्यावेत. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची जुनी रजिस्टरे कपाटातून काढून स्वच्छ सुती कापडावर ठेवावीत आणि खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्यावा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण त्याने कागद कायमचा खराब होतो. एखादी नोंद मोडीत आढळली तर अंदाजाने वाचू नये. मोडी जाणणाऱ्या माणसाला दाखवावी. मग सभासदांची चालू यादी समोर घेऊन, गेल्या वर्षभरात जे उपासनेत दिसले नाहीत त्यांची नावे एका वहीत उतरवावीत. ही वही पाळकसाहेबांकडेच, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंकडेच, असावी. अशी यादी व्हॉट्सॲपच्या गटावर गेली की ती माणसे कायमची दुरावतात.

भेटीला दोघांनी जावे, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष, आणि आधी कळवून जावे. पहिल्या भेटीत वर्गणीचा विषय काढू नये, ‘चर्चला का येत नाही’ असेही विचारू नये. घरात कोण आजारी आहे, मुले कोठे आहेत, कोणाची कबर आपल्या दफनभूमीत आहे, एवढेच विचारावे. एका घरी आम्ही १९३० च्या दशकातल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीचा फोटो घेऊन गेलो होतो. त्या घरच्या आजींनी पदराने चष्मा पुसला, मोबाइल नाकाजवळ धरला आणि साक्षीदाराच्या रकान्यातली सही बोटाने दाखवत म्हणाल्या, “ही माझ्या आईची सही. तिला एवढंच लिहिता यायचं.” त्या घरातले कोणी नऊ वर्षे चर्चला आले नव्हते, एका अंत्यविधीच्या वेळी त्यांच्याविषयी कमिटीतून वाईट शब्द गेला होता. त्या दिवशी आम्ही फक्त ऐकले आणि पाळकसाहेबांनी मंडळीच्या वतीने क्षमा मागितली. पुढच्या आठवड्यात त्यांचा नातू फोटो काढायच्या कामाला आला.

भस्म बुधवार

या दिवशी कपाळाला राख लावतात. मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, झावळ्या घरोघरी भिंतीवर खोचलेल्या असतात. त्या भस्म बुधवारच्या आदल्या रविवारी गोळा कराव्यात, लोखंडी घमेल्यात जाळाव्यात, आणि राख पूर्ण निवल्यावर मलमलच्या कापडातून दोनदा गाळावी. राखेत पाणी घालू नये. राख आणि पाणी मिळून तिखट खार तयार होतो आणि त्याने लहान मुलांच्या कपाळाची कातडी भाजू शकते. खोबरेल तेलाचे दोन-चार थेंब पुरतात. झावळ्या गोळा करण्याचे काम वहीतल्या घरांकडे जाण्याचे उत्तम निमित्त आहे, कारण जुनी झावळी बहुतेक घरांनी टाकून दिलेली नसते.

दफनभूमी

दफनभूमीचे काम लेंटच्या तिसऱ्या आठवड्यात घ्यावे आणि त्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. ज्यांचा मंडळीशी दुसरा कोणताही संबंध उरलेला नाही, त्यांचाही आईबापांच्या कबरीशी उरलेला असतो. गवत वाळलेले असते, पण उन्हाळा लागताना साप सावलीला दगडांखाली येतात. म्हणून हातात काठी आणि पायांत बूट असल्याशिवाय कोणी गवतात शिरू नये, आणि गवत पेटवून देऊ नये, कारण आगीने दगड तडकतात व कोरलेली अक्षरे जातात.

कबरीचा दगड साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशाने धुवावा. तारेचा ब्रश, ॲसिड, संडास धुण्याचे द्रव यांपैकी काहीही वापरू नये. संगमरवर ॲसिडने विरघळतो आणि एकदा गेलेले नाव परत येत नाही. पुसट अक्षरे वाचण्यासाठी सकाळी सातच्या सुमारास जावे. तिरपे ऊन दगडावर पडले की दुपारी सपाट दिसणाऱ्या पृष्ठभागावर प्रत्येक अक्षराची सावली उभी राहते; बोट फिरवत मोठ्याने वाचावे आणि सोबतच्याने लिहून घ्यावे. ऊन वर चढले की अर्ध्या तासात अक्षरे पुन्हा दिसेनाशी होतात.

वाचताना मंडळीचा इतिहासही बोलून दाखवावा. सावित्रीबाई फुले यांनी ज्यांच्या संस्थेत अध्यापनाचे धडे घेतले त्या सिंथिया फरार १८६२ मध्ये नगरलाच वारल्या, हे आपल्या शब्बाथ (रविवारच्या) शाळेतल्या किती मुलांना ठाऊक आहे? आणि मिशनरींच्या मोठ्या दगडांबरोबरच, ज्यांच्यावर नुसती मातीची वरंबी आणि चार धोंडे आहेत त्या कबरीही त्याच काळजीने साफ कराव्यात. त्या आपल्याच आजोबा-पणजोबांच्या आहेत.

भिंती आणि छप्पर

दगडी चर्चची जुनी बांधणी चुन्यात झालेली असते. भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि कोरड्या दिवसांत ती दरजांमधून बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. आमच्या मंडळीने एका वर्षी घाईने वेदीमागच्या भिंतीला सिमेंट लावून त्यावर ऑइल पेंट दिला होता. पुढच्या श्रावणात त्या रंगाला तळहाताएवढे फोड आले, आणि ते टोचले की आतून पाणी ओघळत असे. ते सिमेंट छिन्नीने हळूहळू काढायला दोन लेंट गेले.

दरजा भरायच्या तर कळीचा चुना विरवून, निदान काही आठवडे पाण्याखाली मुरवून, मगच वाळूत कालवावा; म्हणजे चुना विरवायला संक्रांतीनंतर लगेच टाकावा लागतो. काम सकाळी लवकर करावे आणि भरलेल्या दरजांवर ओले गोणपाट आठवडाभर ठेवावे. मे महिन्याच्या उन्हात चुना वरून झटकन वाळतो आणि आत कच्चा राहून पावसात धुपतो. म्हणून हे काम फेब्रुवारी-मार्चमध्येच करावे. चुन्याचे काम जाणणारे जुने गवंडी आता थोडे उरले आहेत. गावात असे कोणी असतील, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, त्यांना मानाने बोलवावे आणि आपली दोन मुले त्यांच्या हाताखाली द्यावीत. गोणपाट ओले करण्याची पाळी मात्र घराघराला वाटून द्यावी. मंगलोरी कौलांची शाकारणी आणि पन्हळी साफ करणे ईस्टरनंतर केले तरी चालते. इमारतीला हात लावण्यापूर्वी धर्मप्रांताची, म्हणजे बिशपच्या कचेरीची, लेखी परवानगी घ्यावी.

घंटेच्या मनोऱ्यात आग्या मोहोळ आहे का, हे झावळ्यांच्या रविवारच्या निदान आठ दिवस आधी दुर्बिणीतून पाहावे. फुलोऱ्याच्या दिवसांत मोहोळ उंच जागी बसते आणि घंटेच्या हादऱ्याने उठते. धूर करण्याचा किंवा जाळण्याचा विचारही करू नये. मधपाळाला बोलवावे, आणि ते जमले नाही तर त्या वर्षी घंटेऐवजी टाळ वाजवावेत.

चाली

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगर व राहुरी येथे राहून अभंग, ओवी, भजन यांच्या वळणाची जी गीते रचली, ती आपल्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आजही आहेत. शब्द छापलेले आहेत. चाली मात्र म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यातच राहिल्या आहेत. ज्यांना आता ऐकू कमी येते, गुडघे दुखतात म्हणून जे चर्चला येत नाहीत, त्यांच्या घरी तरुण संघाने पेटी आणि तबला घेऊन जावे, दर भेटीत एकच गीत शिकावे आणि चाल रेकॉर्ड करावी. चाल चुकली तर आजोबांना थांबवू द्यावे आणि पुन्हा म्हणावे. शिकलेले गीत त्या रविवारी उपासनेत गावे आणि ते कोणाकडून शिकलो हे नाव घेऊन सांगावे.

पवित्र सप्ताह

झावळ्या शिंदीच्या घ्याव्यात, शेताच्या मालकाला विचारून घ्याव्यात आणि कोवळा शेंडा न तोडता खालचीच पाने काढावीत. उत्तम शुक्रवारची तीन तासांची उपासना ऐन दुपारी असते. उपाशी आलेल्या ज्येष्ठांसाठी माठ, पंखे आणि दाराजवळचे बाक राखून ठेवावेत. येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांपैकी निदान दोनांवरचे चिंतन मंडळीतल्या बायकांकडे द्यावे.

ईस्टरची पहाटेची उपासना दफनभूमीतच घ्यावी. पाच वाजता जमावे. मार्चअखेर सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, तेव्हा अंधारात कंदील घेऊन जाण्यास पुरेसा वेळ मिळतो. प्रत्येक घराने आपल्या कबरीवर मेणबत्ती आणि मोगरा ठेवावा. मोगऱ्याचा हंगाम तेव्हा सुरू झालेला असतो. थर्माकोलच्या सजावटीवर पैसे घालवू नयेत. योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय वाचावा : बागेत रडत असलेल्या मग्दालीया मरीयेला समोरचा माणूस माळी वाटतो आणि त्याने नावाने हाक मारताच ती त्याला ओळखते. वाचनानंतर, लेंटमध्ये धुतलेल्या दगडांवरची नावे एकेका घरातल्या लहान मुलाने मोठ्याने म्हणावीत. मग पाळकांनी “ख्रिस्त उठला आहे” म्हणावे आणि सर्वांनी “खरोखर उठला आहे” असे उत्तर द्यावे. त्यानंतर तेथेच चहा आणि गूळ-शेंगदाणे द्यावेत, कारण वर्षांनंतर आलेली माणसे चहाच्या वेळीच बोलू लागतात.

ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी उपस्थिती निम्म्यावर येते. त्याची तयारी आधीच करावी : त्या रविवारचे शास्त्रवाचन, अर्पण गोळा करणे आणि प्रभुभोजनाच्या मेजाची मांडणी, ही तिन्ही कामे लेंटमध्ये परत आलेल्या घरांकडे सोपवावीत आणि ती उत्तम शुक्रवारपूर्वीच त्यांना सांगून ठेवावीत. ईस्टरनंतरच्या पाचव्या रविवारी, मृग लागण्याआधी, शेतकरी कुटुंबांनी बाजरी, तूर, मुगाचे बियाणे टोपलीत घालून वेदीपाशी आणावे आणि त्यावर प्रार्थना व्हावी. त्याच संध्याकाळी वही पुन्हा उघडावी, जे आले त्यांच्या नावांपुढे तारीख घालावी, आणि जे अजून आले नाहीत त्यांच्या घरी पावसाआधी कोण जाणार हे ठरवावे.